अनवाणी सैनिकांचे स्मरण

आशिया खंडाच्या आग्नेयेस, प्रशांत महासागरात, सात हजारांहून अधिक लहानमोठ्या बेटांचा मिळून फिलिपाईन्स हा देश झाला आहे. त्यांपैकी लेयते नावाच्या बेटावर, पालो गावच्या किनाऱ्यावर, दरवर्षी २० ऑक्टोबर रोजी समारंभ होतो. १९४४ साली ह्याच दिवशी अमेरिकेचे सेनापती जनरल मॅकआर्थर तेथे उतरले व जपानी सत्तेपासून देशाची सुटका होण्यास आरंभ झाला. त्या समारंभात अनेकदा हा प्रसंग पुन्हा घडवून दाखवितात. सैनिकांचे पोशाख केलेली माणसे पाण्यातून चालत येतात आणि किनाऱ्यावर जमलेली मुले इतिहास जणू डोळ्यांनी पाहतात. अशा कार्यक्रमास ऐतिहासिक प्रसंगाचे पुनर्दर्शन म्हणता येईल.

परंतु जनरल मॅकआर्थर किनाऱ्यावर येईपर्यंत ह्या बेटांवरील युद्ध थांबले होते काय? मुळीच नाही. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानने फिलिपाईन्सवर हल्ला चढविला. ९ एप्रिल १९४२ रोजी बाताआन येथील फिलिपिनो व अमेरिकन सैन्यास शरण जावे लागले. त्या कैद्यांना कडक उन्हात, अन्नपाण्यावाचून, सुमारे १०० किलोमीटर नेण्यात आले. त्या वाटेवर हजारो सैनिक मृत्युमुखी पडले. ६ मे रोजी कोरेहिदोरचा किल्लाही पडला. तरीही शरण न गेलेले कित्येक सैनिक डोंगरांत व अरण्यांत शिरले. शेतकरी, कोळी, विद्यार्थी व शिक्षक त्यांना येऊन मिळाले आणि बेटाबेटांवर गनिमी काव्याचे युद्ध सुरू झाले.

ह्या लढवय्यांजवळ ना पुरेसा दारूगोळा होता, ना गणवेश. अंगावर शेतातले कपडे, पाय बहुधा अनवाणी आणि हाती कोयत्यासारखे ‘बोलो’ हे शस्त्र. मिंदानाओ बेटावर तर पडद्यांच्या पितळी दांड्या कापून त्यांच्या गोळ्या बनविल्या गेल्या. लेयते बेटावर निएवेस फर्नांडेझ नावाच्या शिक्षिकेने आपली तुकडी उभारून तिचे नेतृत्व केले.

काबानातुआनची हकीकत ह्या युद्धाचे स्वरूप उत्तम प्रकारे दाखविते. तेथील छावणीत पाचशेहून अधिक कैदी खंगत पडले होते. ३० जानेवारी १९४५ च्या रात्री सुमारे १२० अमेरिकन सैनिकांनी छावणीवर छापा घातला. त्या वेळी कॅप्टन हुआन पाहोता ह्यांच्या फिलिपिनो तुकडीने काबूचा पूल अडवून धरला व जपानी कुमक छावणीपर्यंत पोहोचू दिली नाही. दुसऱ्या बाजूचा रस्ता कॅप्टन एदुआर्दो होसोन ह्यांच्या तुकडीने रोखला. सैन्य येत असल्याची चाहूल शत्रूस लागू नये, म्हणून वाटेवरील गावकऱ्यांनी कुत्र्यांची तोंडे बांधली व कोंबड्या कोंडून ठेवल्या. ज्या कैद्यांना चालवत नव्हते, त्यांना शेतकऱ्यांनी रेड्यांच्या गाड्यांतून सुरक्षित स्थळी नेले. गाडी हाकणारा तो शेतकरीही त्या रात्रीचा सैनिकच नव्हे काय?

इतिहास कागदपत्रांवर विसंबून असतो आणि गुप्त लढ्यात कागद हाच मोठा धोका असतो. सहकाऱ्यांच्या नावांची यादी शत्रूच्या हाती लागली, तर सगळ्या गावावर संकट येई. त्यामुळे पुष्कळांच्या सेवेची नोंद राहिलीच नाही. युद्धानंतर दहा लाखांहून अधिक लोकांनी आपण ह्या लढ्यात होतो असे सांगितले. त्यांत काही दावे खोटेही होते. अखेर सुमारे २,६०,००० जणांना मान्यता मिळाली. शिवाय १९४६ साली अमेरिकेने एक कायदा करून युद्धसेवेबद्दलच्या बहुतेक सवलती फिलिपिनो सैनिकांस नाकारल्या. २००९ साली हयात असलेल्यांना एकरकमी भरपाई देण्याचे ठरले आणि २०१७ साली अमेरिकेच्या काँग्रेसचे सुवर्णपदक त्यांना प्रदान करण्यात आले. तोवर बहुतेकांनी जगाचा निरोप घेतला होता.

म्हणूनच पुनर्दर्शनाचे महत्त्व वाढते. ज्यांची नावे कागदावर उरली नाहीत, त्यांचे कष्ट व त्यांचे धैर्य निदान लोकांच्या डोळ्यांपुढे तरी राहावे, असा त्याचा हेतू असतो. हे काम मात्र सोपे नाही. सेनापतीचे सोंग आणणे सोपे, कारण त्याचा गणवेश, त्याची छायाचित्रे व त्याचे शब्द जपलेले असतात. ज्याला गणवेशच नव्हता, त्याचे सोंग आणण्यास अधिक अभ्यास लागतो. त्याचे कपडे कसे होते, तो काय खात होता, निरोप कसा पोहोचवीत होता, हे जुन्या छायाचित्रांवरून व वृद्धांच्या आठवणींवरून शोधावे लागते. नुसता बंदुकांचा आवाज व धूर दाखविला, तर पाहणाऱ्यांची करमणूक होईल. परंतु त्या काळची भूक, भीती व शिस्त त्यांना कळणार नाही. खऱ्या युद्धात पडलेला माणूस टाळ्या वाजल्यावर पुन्हा उठत नाही, ह्याचाही विसर पडता कामा नये.

९ एप्रिल हा दिवस फिलिपाईन्समध्ये ‘शौर्यदिन’ म्हणून पाळतात. शौर्य हे केवळ रणांगणावर गोळी झाडणाऱ्याचे नसते. रात्रीच्या काळोखात निमूटपणे गाडी हाकणाऱ्याचे व कुत्र्याचे तोंड बांधून श्वास रोखून बसलेल्या गृहिणीचेही ते असते. पुनर्दर्शनात ह्या माणसांना जागा मिळाली, म्हणजेच त्या लढ्याचे चित्र पूर्ण झाले असे म्हणता येईल.