कागदावरचा सिनेमा (लेखांक ६) : दोन आण्यांची चोपडी

गेले दोन आठवडे पोस्टरवर लिहिले. आज गाण्यांच्या चोपडीकडे वळतो. नव्याने संग्रह सुरू करणाऱ्याला माझे सांगणे असते, की पोस्टरच्या मागे लागण्याआधी चोपड्या गोळा करा. पोस्टरच्या मानाने त्या स्वस्त मिळतात, जागा कमी खातात, आणि चित्रपटाविषयी जेवढी माहिती त्यांच्या चार-आठ पानांत असते तेवढी दुसऱ्या कुठल्याच जाहिरातीच्या कागदात नसते.

थिएटरच्या दारात आणा-दोन आण्यांना मिळणारी ही पुस्तिका. मुखपृष्ठावर नायक-नायिका, आत श्रेयनामावली, कथासार, मग गाणी आणि शेवटच्या पानावर एखादी जाहिरात. कथासार ऐन पेचावर येऊन थांबायचे आणि पुढचे पडद्यावर पाहा म्हणायचे. हिंदी चित्रपटाच्या चोपडीत तीच गाणी देवनागरी आणि उर्दूत, कधी गुजराती लिपीतही छापलेली असत. प्रेक्षक कोण आहे, हे छापणाऱ्याला नेमके ठाऊक होते. बोलपट येण्याआधीही ही चाल होती. कोल्हापुरात बाबूराव पेंटर आपल्या मूकपटांसाठी माहिती आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिका काढत.

या कागदाची किंमत कळते ती चित्रपट हरवल्यावर. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. आज त्याची एकही प्रत नाही, आणि त्यातल्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या नव्हत्या. आपल्या पहिल्या बोलपटाचा आवाजच आपल्याकडे नाही; उरली आहेत छायाचित्रे आणि छापील मजकूर. पुढच्याच वर्षीच्या ‘इंद्रसभा’त सत्तरच्या आसपास गाणी होती. त्या काळी सगळ्या गाण्यांच्या तबकड्या निघतच असे नाही, त्यामुळे कितीतरी गाण्यांचे शब्द फक्त चोपडीत राहिले. कानपूरचे हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’चे खंड तयार केले, तेव्हा अशाच चोपड्या त्यांच्या कामी आल्या. संग्राहकाने जपलेला कागद अभ्यासकाच्या हाती पडला की काय उभे राहते, ते या कोशात दिसते.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण प्रभातचे. ‘कुंकू’–‘दुनिया न माने’ (१९३७), ‘माणूस’–‘आदमी’ (१९३९), ‘शेजारी’–‘पडोसी’ (१९४१) असे जोडचित्रपट प्रभात काढत असे. अशा जोडीच्या दोन्ही चोपड्या मिळवून शेजारी-शेजारी ठेवाव्यात. ‘शेजारी’त हिंदू म्हातारा केशवराव दाते यांनी रंगवला, ‘पडोसी’त तीच भूमिका मझहर खान यांनी, त्याचा मुसलमान मित्र मिर्झा मात्र दोन्हीकडे गजानन जागीरदारच. हिंदू-मुस्लिम मैत्रीच्या त्या कथेत हिंदी आवृत्तीत मुसलमान नट हिंदू झाला आणि हिंदू नट मुसलमान. दिग्दर्शक शांतारामबापूंचा हा विचार नुसती पात्रयादी वाचताना लख्ख कळतो. म्हणून मी जोडीतली एकच चोपडी मिळाली तरी घेतो, आणि दुसरीची वाट पाहतो.

चोपडीवर डोळे मिटून विश्वास मात्र ठेवू नये. ती प्रदर्शनाआधी छापून तयार ठेवावी लागे, आणि चित्रपटाला कात्री त्यानंतरही लागे. ‘प्यासा’ (१९५७) मधले गीता दत्त यांचे एक गाणे तबकडीवर आहे, चित्रपटातून मात्र ते काढले गेले. चोपडीत आहे आणि पडद्यावर नाही, असे गाणे सापडले तर ती छपाईतली चूक समजू नका. चित्रपट आधी कसा होता, याचा तो पुरावा असू शकतो.

आता चोपडी खरी किती जुनी, हे ओळखायचे कसे? जुना चित्रपट पुन्हा लागला की चोपडीही पुन्हा छापली जाई, त्यामुळे चित्रपटाचे वर्ष हे चोपडीचे वर्ष असेलच असे नाही. आधी किंमत पाहा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली आणि ‘नये पैसे’मधला ‘नये’ १ जून १९६४ पासून गेला. १९४० च्या चित्रपटाची चोपडी ‘१५ न. पै.’ सांगत असेल तर ती पुनःप्रदर्शनाच्या वेळची. मग पत्ता पाहा. ‘मुंबई ४’ असा एक-दोन आकडी विभाग असेल तर जुनी. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. सर्वांत खाली बारीक अक्षरात छापखान्याचे नाव शोधा. मुद्रकाचे नाव आणि ठिकाण छापणे १८६७ च्या कायद्यानेच बंधनकारक होते, म्हणून ही ओळ सहसा सापडते. ती कापलेली असेल तर भाव करताना ते ध्यानात ठेवा.

आणि बोट फिरवून पाहा. खिळ्यांच्या छपाईत अक्षराचा दाब कागदाच्या मागच्या बाजूला हाताला लागतो. संगणकावरून काढलेली नक्कल गुळगुळीत असते. मूळ प्रतीची घडी आणि डागसुद्धा तिच्यात छापून आलेले दिसतात.

मुंबईत चोरबाजारातली मटन स्ट्रीट आणि पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार या शोधाच्या ठरलेल्या जागा. पण चांगला माल अजूनही घरांतच आहे, आजोबांच्या ट्रंकेत, वह्यांच्या गठ्ठ्यात. तो सापडला तर गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा, चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. ते पुन्हा निघत नाही. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात चोपडी आडवी ठेवा आणि पावसाळ्यात कसर लागली नाही ना, ते पाहत राहा. थिएटरचा शिक्का, मालकाची सही, आवडत्या गाण्यावर केलेली पेन्सिलीची खूण यांतले काही खोडू नका. कुठल्या गावात, कुठल्या थिएटरात चित्रपट लागला होता, हे कधी कधी त्या एका शिक्क्यावरूनच समजते.

विकायचे किंवा द्यायचे ठरले, तर आधी यादी करा: नाव, वर्ष, भाषा, कंपनी, छापखाना, शिक्का. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात चित्रपटांबरोबर पोस्टर, छायाचित्रे आणि चोपड्याही जपल्या जातात. रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी तिथे एकदा विचारा.

(पुढील आठवड्यात : पटकथांच्या हस्तलिखित आणि टंकलिखित प्रती)