राधेचे घुंगरू आणि भाच्याची कविता

पेणहून रोह्याला आगगाडीने जायचे म्हणजे फार मोठा प्रवास नव्हे. कासू गेले, नागोठणे गेले, की पिशवी सावरून दाराशी उभे राहावे. थोरल्या बहिणीचे घर रोह्याला असल्यामुळे ही वाट मी चाळीस वर्षे तुडवीत आलो आहे. जाताना हातात पेणचे पोह्याचे पापड आणि येताना अक्काने बांधून दिलेले काहीबाही, हा आमचा शिरस्ता. एका दिवाळीत मात्र मी रोह्याहून परतलो तो रिकाम्या हातांनी आणि जड मनाने. वाचकहो, त्या दिवाळीची ही हकीकत आहे. चूक माझी होती हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे सांगणे सोपे जाईल.

अक्काचा धाकटा मुलगा लहानपणापासून नाचरा. गणेशोत्सवात आमच्याकडे गावोगाव बाल्यानाच होतो. गायक आणि ढोलकीवाला मध्ये, भोवती एका पायात चाळ बांधलेल्या गड्यांचे रिंगण, आणि शक्तीवाले व तुरेवाले यांचे रात्रभर चाललेले सवाल-जवाब. एका वर्षी मंडळाच्या गौळणीत राधेचे काम करणारा मुलगा आजारी पडला आणि आमचा चौदा वर्षांचा भाचा अक्काचे हिरवे लुगडे नेसून उभा राहिला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. अक्काने मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, आणि मी कौतुकाने म्हणालो, ‘‘अरे, हा तर आमचा बालगंधर्व!’’

पुढे तो शिकायला पुण्याला गेला. वाचन वाढले, कविता करू लागला. 2017 सालच्या दिवाळीत रोह्यातल्या हौशी मंडळींनी एक कविसंमेलन ठरवले. मी निवृत्त मराठी शिक्षक, तेव्हा कविता निवडण्याचे काम माझ्याकडे आले. भाच्यानेही आपली कविता दिली. तिच्यात राधा होती, लुगडे होते, आणि एका मुलाची दुसऱ्या मुलावरची प्रीती होती. आडपडदा मुळीच नव्हता. मी ती दोनदा वाचली, घडी घातली आणि म्हणालो, ‘‘बाळ, कुंडलिकेवरची ती पावसाची कविता आहे ना तुझी? तीच वाच. समोर घरंदाज माणसे असतात.’’

त्याने माझ्याकडे पाहिले. ‘‘मामा, मी लुगडं नेसून नाचलो तेव्हाही हीच माणसं समोर होती ना?’’ एवढेच बोलला. संमेलनात त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा तो सभागृहात नव्हता. रात्रीच्या गाडीने पुण्याला निघून गेला होता. त्यानंतर दोन वर्षे त्याने मला पत्र तर नाहीच, पण साधा फोनही केला नाही.

शिक्षकाला न सुटलेले गणित झोपू देत नाही. माझेही तसेच झाले. त्याने अक्काकडे ठेवलेल्या पुस्तकांत मला एक नाव पुन्हा पुन्हा दिसले: आर. राज राव. हे गृहस्थ मुंबईत 1955 साली जन्मलेले, डॉक्टरेट मिळवलेले, आणि पुणे विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाचे प्रमुख राहिलेले. कवी, कथाकार, नाटककार आणि कादंबरीकार. आपण समलिंगी आहोत हे त्यांनी कधी लपवले नाही आणि लिहिताना कधी टाळलेही नाही. त्यांचा ‘स्लाइड शो’ हा इंग्रजी कवितासंग्रह 1992 सालचा. अमेरिकेतल्या आयोवा येथील जगप्रसिद्ध लेखक-शिबिराला ते 1996 साली गेले होते. त्याच वर्षी त्यांच्या कवितांवर रियाध वाडिया यांनी ‘बॉमगे’ नावाचा लघुचित्रपट काढला. रियाध म्हणजे ‘हंटरवाली’च्या वाडिया मूव्हीटोनवाल्या जे. बी. एच. वाडियांचे नातू. कागदावरची कविता तिथे मुंबईच्या रस्त्यावर आणि लोकलच्या गर्दीत उतरून बोलू लागली.

त्यांची ‘द बॉयफ्रेंड’ ही कादंबरी 2003 साली आली. एक पत्रकार आणि एक दलित तरुण यांची ती कहाणी, 1992च्या सुमाराच्या, दंगलीने होरपळलेल्या मुंबईत घडणारी. खरे सांगतो, ती वाचताना मी चार वेळा चष्मा काढून ठेवला. देव्हाऱ्यासमोर बसून वाचावी अशी ती नव्हे. परंतु प्रेमाच्या आड जात कशी येते, पैसा कसा येतो, हे त्या माणसाने जितक्या निष्ठुरपणे पाहिले आहे, तितके आमच्या कित्येक सोज्ज्वळ प्रेमकथांनी पाहिलेले नाही.

मला अधिक भावली ती त्यांची चिकाटी. समलिंगी जीवनावरचे साहित्य विद्यापीठात शिकवावे असे त्यांना वाटे. आपल्या विद्यार्थ्यांना याची गरज काय, असा विरोध झाला. अखेर 2007 साली तो अभ्यासक्रम सुरू झाला. दलित साहित्याच्या शेजारी, पर्यायी साहित्य म्हणून त्याला जागा मिळाली. ज्यांचे म्हणणे कोणी ऐकून घेत नव्हते, अशा दोघांना एकाच बाकावर बसावे लागले, आणि त्यात काही विसंगत नव्हते.

याच रावांनी कवी निस्सीम इझिकेल यांचे चरित्र लिहिले. इझिकेल बेने इस्राएल समाजातले. त्या समाजाच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज गलबत फुटून आमच्याच अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनिवार तेली’ झाले, आणि गावांवरून कोणी पेणकर झाले, कोणी रोहेकर. आमच्या भागाने परक्यांना आपले आडनाव दिले आणि मी मात्र घरच्या पोराला पाच मिनिटे द्यायला तयार झालो नाही! हे वाचले त्या रात्री मी पुस्तक मिटून बराच वेळ अंगणात बसलो होतो.

पंडिताने व्यासपीठावर उभे राहून स्वतःच्या तोंडाने कविता म्हणणे, हे इतरत्रही घडले आहे. न्यूयॉर्कमध्ये मिगेल अल्गारिन नावाचे प्वेर्तो रिकोचे कवी होते. रटगर्स विद्यापीठात शेक्सपियर शिकवीत. 1973च्या सुमारास आपल्याच दिवाणखान्यात त्यांनी आपल्या जातभाई कवींना जमवले आणि त्यातून ‘न्यूयोरिकन पोएट्स कॅफे’ उभा राहिला. पुढे तिथे कवितेच्या झुंजी रंगू लागल्या, श्रोतेच गुण देऊ लागले. हे वाचून मला हसू आले. आमचे शक्ती-तुरेवाले दुसरे काय करतात? मेक्सिकन वंशाच्या ग्लोरिया अँझाल्डुआ यांनीही 1987 साली आपल्या पुस्तकात कविता आणि विचार, इंग्रजी आणि स्पॅनिश सरमिसळ मांडून, सीमेवर राहणाऱ्या आणि बाईवर प्रेम करणाऱ्या बाईचे मन उघड केले.

आणि मराठीत? विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ 1981 साली रंगभूमीवर आले तेव्हा रोहिणी हट्टंगडींनी त्यातली मित्रा उभी केली होती. आज श्रीरामपूरच्या दिशा पिंकी शेख या तृतीयपंथी कवयित्री आपल्या कविता आपल्याच आवाजात लोकांपुढे म्हणतात. 2019 साली त्या एका राजकीय पक्षाच्या प्रवक्त्याही झाल्या.

कायदाही दरम्यान बदलला होता. ब्रिटिशांनी 1860 साली केलेल्या दंडसंहितेतले 377 कलम दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 साली सैल केले, सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ते पुन्हा घट्ट केले, आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी त्याच न्यायालयाने राजीखुशीच्या प्रौढ संबंधांना गुन्ह्यातून कायमचे मोकळे केले. विवाहाचा हक्क मात्र 2023च्या निकालात मिळाला नाही. ती बातमी ऐकली तेव्हा मी भाच्याचाच विचार करीत होतो. त्याची कविता मी मागे ठेवली, त्या दिवशी कायदाही त्याच्या विरुद्ध होता. आणि त्याच्या बाजूने असायला हवा होता तो मामा!

दोन वर्षांनी मीच पुण्याला गेलो. त्याच्या खोलीत चहा घेता घेता म्हणालो, ‘‘बाळ, मी चुकलो. तुझी राधा मला चालली, कारण ती सोंग होती. खरे बोललास तेव्हा मी घाबरलो.’’ तो काही बोलला नाही. उठला आणि माझा कप पुन्हा भरून आणला. आमच्या घराण्यात समेट असाच होतो.

गेल्या कोजागिरीला अक्काच्या गच्चीवर आम्ही तीसेक माणसे जमलो. शेजारी होते, भाच्याचे पुण्याचे मित्र होते, माझे दोन जुने विद्यार्थी होते. एका पायात चाळ बांधून भाच्याने तीच कविता म्हटली. जिथे शब्द थांबत तिथे घुंगरू वाजत. मध्येच एक शेजारी उठून गेले, ते परत आले नाहीत. बाकीचे शेवटपर्यंत बसले. टाळ्या जरा उशिराने आल्या, पण आल्या.

मी हळूच अक्काकडे पाहिले. ती दुधात केशर घोटीत होती. म्हणाली, ‘‘मला कधीचं ठाऊक होतं रे. तू पहिल्यांदा ऐकलंस, एवढंच.’’

हे लिहिण्यापूर्वी मी भाच्याला विचारले. तो म्हणाला, ‘‘लिहा मामा, फक्त माझं नाव घालू नका. ते मी स्वतः घालीन.’’

यंदाच्या दिवाळीतही रोह्याला कविसंमेलन आहे. कविता निवडण्याचे काम मी सोडले असून ते तरुण मंडळींकडे दिले आहे. मी पापडांची पिशवी घेऊन श्रोत्यांत, पहिल्या रांगेत बसणार आहे. भाच्याचे नाव यादीत पाचवे आहे.