जुन्या गावाला भाव आला, घराचा कागद कुणाच्या नावावर?

बीड शहरात १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, प्रवासी रेल्वेगाडी आली. नगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली होती १९९५ साली. त्या साली जन्मलेले मूल गाडी येईपर्यंत तीस वर्षांचे झाले. २३ सप्टेंबर २०२२ रोजी गाडी आष्टीपर्यंत आली आणि पुढची तीन वर्षे बीडकर रुळांकडे पाहत बसले. एवढ्या प्रतीक्षेनंतर माणसांनी इंजिनाला हार घातले, यात नवल ते काय!

पण गाडी येण्याच्या कितीतरी आधी आमच्या गल्लीत अनोळखी माणसे येऊ लागली होती. आम्ही जुन्या गावात राहतो. कारंजा, बलभीम चौक, धोंडीपुरा, कोतवाली वेस, राजुरी वेस ही नावे बीडच्या वाचकांना सांगायला नकोत. बाहेरगावच्या वाचकांसाठी एवढेच सांगतो, की बिंदुसरा नदीने हे शहर दोन भागांत कापले आहे. पूर्वेचा भाग लहान, पश्चिमेचा मोठा. जुनी तटबंदी गेली, पण काही वेशी अजून उभ्या आहेत आणि त्यांच्या कमानीखालून आज मालाचे टेम्पो जातात. ती अनोळखी माणसे गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून आत चालत येत, भिंतींकडे पाहत आणि विचारत, "हे कुणाचं? विकायचंय का?"

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हीच घरे कुणाला नको होती. ज्यांच्या हाती चार पैसे आले त्यांनी बार्शी रोड, जालना रोड, नगर रोडकडे प्लॉट घेतले. मागे राहिले ते म्हातारे, भाडेकरू, हातगाडीवाले, शिलाई मशीनवाले, आणि आमच्यासारखे ज्यांना बाहेर प्लॉट परवडला नाही ते. माळवदाची घरे, दोन खणांची, पावसाळ्यात जागोजागी भांडी ठेवावी लागणारी. नळाला पाणी रोज येत नाही. गटार उघडे. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर रुग्णवाहिका कमानीबाहेर थांबते आणि आजाऱ्याला खुर्चीवर बसवून तिथवर उचलून न्यावे लागते.

आता त्याच माळवदांच्या जागी स्लॅब पडत आहेत. खाली दुकानाचे शटर आणि वर दोन मजले, अशी नवी रीत आहे. बंद पडलेल्या एका वाड्यात मुलींची अभ्यासिका सुरू झाली आहे, ती रात्री दहापर्यंत उघडी असते. आमच्या मते जुन्या गावाचे खरे मोल इथे दिसते. दुकानांचे दिवे असतात, ओट्यावर बसलेल्या बाया असतात, त्यामुळे रात्री नऊ वाजता मुलगी पुस्तके घेऊन एकटी घरी येऊ शकते. बाहेरच्या नव्या वसाहतींत घरे मोठी आहेत, पण दिवेलागणीनंतर रस्त्यावर कुत्र्यांखेरीज कुणी नसते. इथे शिंपी, पिठाची गिरणी, औषधाचे दुकान, शाळा, सारे पायी गाठता येते. आणि हे सांगायला संकोच कशाला, ओळखीच्या दुकानात उधारीही मिळते.

बाजाराची आपली एक चाल आहे. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेऊन हजारो जोडपी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. त्याआधीच्या पंधरवड्यात जुन्या बाजारात कोयते, ताडपत्र्या, घागरी, पोरांचे कपडे यांची खरेदी होते. मग चार-पाच महिने बाजार मंद असतो आणि उन्हाळ्याच्या तोंडी माणसे परतली की लग्नसराईचा बाजार भरतो. जुन्या गावातली लहान दुकाने या भरती-ओहोटीवर तगली आहेत. नवे भाडे मात्र बाराही महिने सारखेच मागतात!

जुने गाव सुधारते आहे, याचा आनंद आम्हालाही आहे. चांगला रस्ता, दिवा, पाणी कुणाला नको? पण जागेला भाव येतो तेव्हा पहिला प्रश्न येतो कागदाचा. आपल्या माणसांची अडचण नेमकी तिथे आहे. वेशीच्या आत कोण आणि बाहेर कोण हे जुन्या गावांत जन्मावरून ठरत असे. ज्यांना जागा मिळाली त्यांना ती बहुधा तोंडी मिळाली. कुणाला नदीकाठची, कुणाला उकिरड्याजवळची. तीन पिढ्या राहिल्या, पण कागद झाला नाही.

आमच्या शेजारच्या एका आजींचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. (त्यांचे नाव आम्ही देत नाही.) पत्र्याच्या पेटीत, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून त्यांनी तीस वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या जपल्या होत्या. त्यांना वाटे, पावती आहे म्हणजे घर आपले. रमाई आवास योजनेसाठी अर्ज करायला गेल्या, तेव्हा मालकीचा पुरावा मागितला गेला. मिळकत पत्रिकेची नक्कल काढली, तर त्यावर नाव सासऱ्यांचे! सासरे कधीच गेले, त्यांच्यामागून नवराही गेला. आजी म्हणाल्या, "घर माझ्या नावचं हाय का नाही, हे मला आजवर कुणी इचारलंच नाही बघा."

इथे वाचकांनी थांबून ध्यानात घ्यावे. घरपट्टीची पावती किंवा नगरपालिकेचा पीटीआर उतारा हा कर भरल्याचा पुरावा आहे. ताबा दाखवायला तो उपयोगी पडतो, पण त्याने मालकी सिद्ध होत नाही. शहरात जिथे नगर भूमापन झाले आहे तिथे मिळकत पत्रिका, म्हणजे ज्याला लोक प्रॉपर्टी कार्ड म्हणतात ती, भूमी अभिलेख कार्यालयातून मिळते. आता ती ऑनलाइनही काढता येते. तिच्यावर मेलेल्या माणसाचे नाव असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांचे शपथपत्र जोडून वारस नोंद करून घ्यावी लागते. हे काम गिऱ्हाईक दारात येण्यापूर्वी करायचे असते. गिऱ्हाईक आल्यावर घरातली माणसे एकमेकांशी बोलायची बंद होतात.

आजींच्या घरीही तीच वेळ आली होती. वारसांत आजी, त्यांचे दोन मुलगे, एक मुलगी आणि सासऱ्यांच्या दोन मुली, म्हणजे आजींच्या नणंदा, अशी सहा नावे निघाली. धाकट्या मुलाचे म्हणणे असे, की पंचमीला आत्या माहेरी येतील तेव्हा साडी-चोळी करून हक्कसोड पत्रावर सही घेऊन टाकू. घरोघरी असेच होते! बहीण सही करते, कारण सही न केली तर माहेर तुटेल हे भय. मोठ्या नणंदेने पेन हातात घेतला आणि खाली ठेवला. म्हणाल्या, "वहिनी, मला घर नको. पण माझं नाव तिथं असू द्या." घरात दोन दिवस चूल धड पेटली नाही. शेवटी आजींनीच निकाल दिला, की सहाही नावे लागतील.

कायदा त्या नणंदेच्या बाजूने आहे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे, हे आपल्यातल्या कितीतरी शिकलेल्यांना ठाऊक नसते. बाप मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या स्वकष्टाच्या घरात विधवा, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना हक्क दिला, तोही त्यापूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की २००५ साली बाप हयात नसला तरी मुलीचा हक्क बुडत नाही. बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्याच्या कारणांत हिंदू कोड बिल रखडणे हे एक मोठे कारण होते. मुलीचा वाटा हा त्याच बिलातला विषय.

सहा नावे लागल्यावर योजनेसाठी इतर पाच जणांची संमती लागली. नणंदांनी ती आनंदाने दिली. धाकट्या मुलानेच थोडे ताणले. शहरी भागात रमाई आवासचे अनुदान अडीच लाखांपर्यंत आहे आणि ते बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे मिळते, एकरकमी मिळत नाही. त्यामुळे पायाचा खर्च आधी उभा करावा लागतो. आजींनी तो बचत गटाच्या कर्जातून केला. आज तिथे स्लॅब आहे. "विकायचंय का" असे विचारणाऱ्याला आजी हसून सांगतात, "सहा जणांना इचारा!"

भाडेकरूंची गोष्ट वेगळी आहे, पण कागदाशीच येऊन थांबते. मराठवाड्यात पूर्वी हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा होता. ३१ मार्च २००० पासून त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला. पाडून नवे बांधायचे म्हणून मालकाला जागा खाली करून घेता येते, पण कायद्याने त्याला अटी आहेत आणि जुन्या भाडेकरूला नव्या इमारतीत जागा देण्याची तरतूद आहे. भाड्याची पावती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. आमच्या गल्लीत मात्र वर्षानुवर्षे भाडे हातोहात दिले जाते, आणि पावती मागणे म्हणजे मालकावर अविश्वास दाखवणे, असे भाडेकरूलाच वाटते. उद्या वाडा पाडायला निघाला, तर आपण इथे राहत होतो हे कशावरून दाखवणार? बँकेतून किंवा फोनवरून भाडे पाठवले तरी नोंद राहते, आणि कुणाचे मन दुखावत नाही.

मुंबईच्या बीडीडी चाळींकडे पाहावे. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे आपल्या समाजाच्या पिढ्या वाढल्या, चळवळी उभ्या राहिल्या. वरळीच्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या १४ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्या गेल्या. घर ५०० चौरस फुटांचे, आणि शहराच्या ऐन मध्यावर. बीडच्या गल्लीत असा सरकारी प्रकल्प नाही, आणि प्रत्येकाचे घर निराळे असल्याने सारे एकत्र येणेही अवघड. पण तिथेही कोण पात्र आणि कोण अपात्र, हे कागद पाहूनच ठरले.

रस्त्यावर बसणाऱ्या भगिनींसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कुणालाही उठवता येत नाही, असे तो सांगतो. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. वेशीजवळ भाजी घेऊन बसणाऱ्या एका मावशींना आम्ही हे सांगितले, तर त्या म्हणाल्या, "ताई, समितीत बसले तर पाटीपाशी कोण बसंल?" यावर आमच्यापाशी चटकन उत्तर नव्हते. प्रमाणपत्र तरी काढा, एवढे म्हणालो. ते त्यांनी काढले आहे, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून तराजूखाली ठेवतात.

नदीकाठच्या घरांबद्दल मात्र निराळे बोलायला हवे. २३ जुलै १९८९ चा बिंदुसरेचा पूर ज्यांनी पाहिला ते अजून रात्रीच्या पावसात उठून बसतात. वस्त्याच्या वस्त्या वाहून गेल्या, माणसे गेली. एरवी ही नदी वर्षातले बहुतेक दिवस कोरडी आणि कचऱ्याने भरलेली, त्यामुळे नव्याने आलेल्यांना तिचे भय वाटत नाही. काठावरची जागा स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्याने आधी पूररेषा विचारावी. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी मिळत नाही. परवानगी नसलेल्या घराला कर्ज नाही, अनुदान नाही, आणि नदी आली तर भरपाईसाठीही हेलपाटे.

घर घ्यायचेच असेल, तर आणखी एक व्यवहाराची गोष्ट. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात स्त्रीच्या एकटीच्या नावे राहते घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. म्हणजे वीस लाखांच्या घराला वीस हजार रुपये वाचतात. आमच्या माहितीतले एक गृहस्थ केवळ या वीस हजारांसाठी बायकोच्या नावे घर घ्यायला राजी झाले. तिने आम्हाला हळूच सांगितले, की कारण कोणते का असेना, दाराच्या पाटीवरही आता तिने आपलेच नाव घालायला सांगितले आहे. पाटी सुभाष रोडवरच्या एका रंगाऱ्याकडे करायला टाकली आहे.