खेळाडूचे मोल

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम संपला, की हिवाळाभर रसिकांचा वाद रंगतो: कोणता मुक्त खेळाडू कोणत्या संघाकडे जाणार, आणि किती मोलाने? एके काळी ह्या वादाला जागाच नव्हती. करार संपला तरी राखीव कलमामुळे खेळाडूवर संघाचाच हक्क राही. मालक त्याला विकू शके, तो मात्र स्वेच्छेने जाऊ शकत नसे. १९६९ साली सेंट लुईसच्या कर्ट फ्लडने फिलाडेल्फियाला जाण्याचे नाकारले. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात तो हरला. पुढे १९७५ साली, करारावर सही न करता खेळलेल्या मेसरस्मिथ व मॅकनॅली ह्यांना लवादाने मुक्त ठरविले. २०२३ साली ओहतानीचा दहा वर्षांचा करार ७० कोटी डॉलरांचा झाला. आकडा रास्त की अवाजवी, हा वाद चालेलच. परंतु ज्याने मान ताठ ठेवली, त्या फ्लडच्या पदरी त्यातले काहीच पडले नाही.