चापिंगोतला वर्धेकर

मरोद्यातली मैत्रीबाग भिलाईत कुणाला माहीत नाही? सुट्टीच्या दिवशी डबा बांधून मुलाबाळांसह पांढरे वाघ बघायला जायची ती जागा. 1972 साली भारत-सोव्हिएत मैत्रीचं प्रतीक म्हणून ती उभी राहिली. या मैत्रीमागे सह्याशिक्क्यांचा भक्कम आधार होता. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी 1955 साली करार झाला, रशियन तंत्रज्ञ आले आणि 1959च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी सुरू झाली. आधी सरकारांचं जमलं, मग माणसांचं.

याच मुलखातल्या एका माणसाने त्याच्या कितीतरी आधी, कुठल्याही सरकारचं पाठबळ नसताना, स्पॅनिश बोलणाऱ्या मेक्सिकोत मित्र जोडले होते. पाठबळ सोडाच, इंग्रज सरकार त्याच्या मागावर होतं. पांडुरंग सदाशिव खानखोजे मूळचे वर्ध्याचे. ‘याच मुलखातला’ हे ओढूनताणून म्हटलेलं नाही. 1956पर्यंत वर्धा आणि भिलाईचा दुर्ग जिल्हा एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती.

खानखोज्यांची मेक्सिकन माणसांशी ओळख मेक्सिकोत झाली नाही, ती झाली अमेरिकेत. टिळकांच्या विचारांनी भारलेला हा तरुण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घर सोडून निघाला आणि जपानमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचला. तिथे त्याने शेतीशास्त्राचं शिक्षण घेतलं. सोहनसिंग भकनांसारख्या लाकूडगिरण्यांतल्या पंजाबी कामगारांशी त्याचं जमलं. 1913मध्ये पुढे आलेल्या, इंग्रज सत्तेविरुद्धच्या गदर चळवळीच्या मुळाशी जी मंडळी होती, त्यांत तोही होता. हिंदी मजुरांना गाठायला तो शेतांवर जाई, तेव्हा तिथेच मेक्सिकन मजूरही राबत असत. त्यांच्या देशात 1910 साली क्रांती सुरू झाली होती. जमीनदारांच्या घशातली जमीन कसणाऱ्याला मिळावी, ही तिथली मागणी खानखोज्यांना परकी वाटली नाही.

त्या काळी कॅलिफोर्नियात हे दोन्ही समाज एकमेकांच्या फार जवळ आले होते. गोऱ्या बायकांशी लग्न करायला कायद्याची आडकाठी असल्याने इंपीरियल व्हॅलीतल्या कित्येक पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन बायकांशी संसार थाटले. त्यांच्या मुलांची नावं स्पॅनिश आणि आडनाव सिंग.

पहिल्या महायुद्धात खानखोजे इराणमध्ये इंग्रजांविरुद्ध लढले. जखमी झाले, पकडले गेले, निसटले. पुढे बर्लिन आणि मॉस्कोही झालं. यातली एकेक हकीकत कादंबरीला पुरेल, पण इथे महत्त्वाचं एवढंच की 1924च्या सुमारास त्यांना मायदेशाचं दार बंद होतं आणि युरोपात टिकाव लागेल असं चिन्ह नव्हतं. अशा वेळी जुन्या मेक्सिकन ओळखी कामी आल्या. त्या मित्रांच्या मदतीने खानखोजे मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले.

चापिंगो मेक्सिको सिटीजवळ, तेश्कोकोच्या परिसरात आहे. एके काळी ती माजी राष्ट्राध्यक्ष मानुएल गोन्सालेस यांची जहागीर होती. क्रांतीनंतर तिथे शेतीचं शिक्षण सुरू झालं आणि जहागिरीच्या जुन्या प्रार्थनागृहाच्या भिंती रंगवायचं काम चित्रकार दिएगो रिवेराकडे आलं. 1924 ते 1927 या काळात त्याने ते केलं. त्यातल्या धरित्रीच्या चित्रासाठी छायाचित्रकार तिना मोदोत्ती नमुना म्हणून बसली होती. ती जन्माने इटालियन, 1923 साली मेक्सिकोत आलेली. रिवेरा आणि मोदोत्ती हे दोघेही खानखोज्यांच्या मित्रवर्तुळातले.

खानखोज्यांबद्दल लिहिताना बहुतेक जण इथेच रेंगाळतात, आणि त्यात नवलही नाही. मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयात रिवेराचं ‘आपली रोजची भाकर’ हे 1928चं भित्तिचित्र आहे. त्यात जगभरची माणसं एका टेबलाभोवती बसली आहेत आणि मधोमध एक जण पाव मोडतो आहे. तो खानखोजेच, असं सांगितलं जातं. वर्ध्याचा माणूस रिवेराच्या भिंतीवर! कुणालाही मोह पडेल.

पण त्यांची खरी माणसं त्या भिंतीवर शोधून भागणार नाही. प्राध्यापकीबरोबर खानखोजे शेतकऱ्यांसाठी ‘मुक्त कृषिशाळा’ चालवत. जमीन वाटून मिळाली, तरी ती नीट पिकवायची कशी, हा प्रश्न उरतोच. या शाळा त्यासाठी होत्या. ओकोपुल्को गावातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शाळेला एमिलियानो सापाता या शेतकरी नेत्याचं नाव होतं. क्रांतीत लढलेल्या सापाताचा 1919मध्ये दगाफटका करून खून झाला होता. मोदोत्तीने 1928च्या सुमारास या शाळांची छायाचित्रं काढली. खानखोज्यांच्या मक्यावरच्या प्रयोगांचीही तिने काढली. हे प्रयोग जास्त उत्पन्न देणारे वाण मिळावेत म्हणून चालले होते. क्रांतिकारकाला छायाचित्रात बंदूक शोभते, अशी आपली समजूत. इथे होती ती मक्याची कणसं.

परदेशात मित्र जोडायला आधी भाषा हवी, असं मानलं जातं. खानखोज्यांनी स्पॅनिश आपलीशी केली, त्या भाषेत लिहिलंही. तरी त्यांच्या बाबतीत एकत्र काम करणं हीच मोठी ओळख ठरली असावी. बियाणं, थंडीत आणि दुष्काळात तगणारं पीक, पडीक जमीन हे विषय वर्ध्याच्या आणि ओकोपुल्कोच्या शेतकऱ्याला एकमेकांना समजावून सांगावे लागत नाहीत. चित्रकारांची नावं इतिहासाने जपली. त्या वर्गात बसणाऱ्या शेतकऱ्यांची फारशी कुणाला माहीत नाहीत.

मित्रांची ही मैफल फार टिकली नाही. 1930च्या फेब्रुवारीत मोदोत्तीला मेक्सिकोतून हद्दपार करण्यात आलं. खानखोजे मात्र तिथेच राहिले. 1936 साली त्यांनी जाँ सिंडिक या बेल्जियन स्त्रीशी लग्न केलं. मुलींची नावं ठेवली सावित्री आणि माया. चापिंगोत 1943 नंतर अमेरिकन मदतीने गव्हाचं मोठं संशोधन सुरू झालं आणि कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग तिथे आले. 1966 साली भारताने मेक्सिकन गव्हाचं 18,000 टन बियाणं आणलं, ते त्याच संशोधनाचं फळ. खानखोजे त्या आधीच भारतात परतले होते. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी नागपुरात काढली आणि 1967च्या जानेवारीत तिथेच त्यांचं निधन झालं.

2022 साली चापिंगोच्या विद्यापीठात लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. हे खानखोजे कोण, असा प्रश्न त्या दिवशी अनेक मराठी घरांतही पडला असेल. उत्तर शोधायला लांब जायला नको होतं. मुलगी सावित्री साहनी यांनी इंग्रजीत आणि वीणा गवाणकरांनी मराठीत त्यांचं चरित्र केव्हाच लिहून ठेवलं होतं.