विश्लेषण : साखरपुड्याची अंगठी हलकी झाली, पण हॉलमार्कचे काय?

तुळशीची लग्ने लागली की सराफांच्या दुकानांत अंगठ्यांचे ट्रे काचेवर येतात. एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याचा भाव एक लाख रुपयांच्या पुढे गेला आणि साखरपुड्याचे गणित बदलले. बजेट तेच, मग अंगठीचे वजन कमी. नेमकी इथेच एक अडचण आहे, जी दुकानात सहसा कोणी आपणहून सांगत नाही.

साखरपुड्यात अंगठी आली कुठून?

‘साखरपुडा’ या शब्दातच विधी सांगितला आहे. वरपक्षाने मुलीला कुंकू लावायचे, ओटी भरायची, साडी द्यायची आणि हातात साखरेचा पुडा ठेवायचा. शास्त्रातले नाव वाङ्निश्चय, म्हणजे दिलेला शब्द. लग्नाची खूण मंगळसूत्र आणि जोडवी. अंगठी त्यात नव्हती. अनामिकेत घालायचे दर्भाचे पवित्रक धार्मिक विधींत असते, पण त्याचा साखरपुड्याशी संबंध नाही. दुष्यंताने शकुंतलेला दिलेली अंगठी ही ओळखीची खूण होती, आणि ती हरवल्यावर काय झाले ते कालिदासाने सांगितलेच आहे.

युरोपात मात्र ही प्रथा जुनी. रोमन लोक लोखंडी कडी देत. ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने १४७७ मध्ये बर्गंडीच्या मेरीला दिलेली हिऱ्याची अंगठी इतिहासात नेहमी सांगितली जाते. हिऱ्याशिवाय वाग्दान अपुरे, ही समजूत मात्र विसाव्या शतकातल्या जाहिरातींची. डी बिअर्स कंपनीसाठी फ्रान्सेस जेरेटी या लेखिकेने १९४७ मध्ये लिहिलेल्या एका ओळीने हिरा आणि कायमचे प्रेम यांची गाठ मारली. ‘अंगठीवर दोन महिन्यांचा पगार खर्च करावा’ हा हिशेबही जाहिरातीतूनच आला. तो पाळण्याचे कारण नाही. कोणत्या हातात घालायची यालाही आपल्याकडे शास्त्राधार नाही. घरची रीत असेल तर ती, नसेल तर सोय.

दोन ग्रॅमचा मुद्दा काय?

सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने, ठरवलेल्या जिल्ह्यांत सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांकाशिवाय दागिना विकता येत नाही. पण दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला या सक्तीतून सूट आहे. म्हणजे पावणेदोन ग्रॅमची नाजूक अंगठी बिनहॉलमार्क विकणारा सराफ कायदा मोडत नाही. ग्राहक मात्र फक्त त्याच्या शब्दावर विसंबतो. सूट आहे म्हणजे बंदी आहे असे नव्हे. अशा अंगठीवर हॉलमार्क करून मागता येतो, आणि त्याचे शुल्क दागिन्याच्या किमतीपुढे किरकोळ असते.

हॉलमार्कमध्ये तीन खुणा पाहाव्यात: बीआयएसचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धता आणि एचयूआयडी. शुद्धतेत ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ७५० म्हणजे १८ आणि ५८५ म्हणजे १४. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये एचयूआयडी टाकला की शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. हातात अंगठी आणि अ‍ॅपवर पेंडंट दिसले तर तिथेच थांबावे. हॉलमार्क असूनही सोने कमी शुद्धतेचे निघाले, तर बीआयएसच्या २०१८ च्या नियमांनुसार फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळू शकतो. त्यासाठी पक्के बिल हवे.

२२ की १८ कॅरेट?

खड्याची अंगठी २२ कॅरेटमध्ये करण्याचा हट्ट घरातली मोठी माणसे हमखास धरतात. पण २२ कॅरेट सोने मऊ. रोज घातल्याने कोंदण सैल होते आणि एक दिवस खडा गायब. म्हणून हिऱ्याला १८ किंवा १४ कॅरेट बरे. भाव मात्र त्याच कॅरेटचा लावला आहे ना, हे पाहावे: १८ कॅरेटच्या चार ग्रॅम अंगठीत शुद्ध सोने तीनच ग्रॅम असते.

दुसरी गफलत वजनात होते. सोन्याचा कॅरेट शुद्धता सांगतो, खड्याचा कॅरेट वजन. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. पाच कॅरेटचा पुष्कराज म्हणजे पूर्ण एक ग्रॅम. तो सोन्याच्या वजनात धरून, वर खड्याची किंमतही वेगळी लावली, तर एकाच ग्रॅमचे पैसे दोनदा जातात. बिलावर एकूण वजन, निव्वळ सोन्याचे वजन, खड्याचे वजन, घडणावळ आणि जीएसटी वेगवेगळे लिहून घ्यावेत. घडणावळीवर घासाघीस होते, भावावर सहसा नाही. मोडायला गेल्यावर घडणावळ परत मिळत नाही, घटही धरली जाते.

प्रयोगशाळेतला हिरा घ्यावा का?

तो खोटा नाही. तोही कार्बनच, चमक आणि कठीणपणा तोच. ‘अमेरिकन डायमंड’ म्हणजे झिरकोनिया, ती वेगळी वस्तू. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जून २०२३ मध्ये जिल बायडेन यांना दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा प्रयोगशाळेतलाच होता. नैसर्गिक आणि प्रयोगशाळेतला यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, त्यामुळे प्रमाणपत्र हवेच. अनेक प्रमाणित हिऱ्यांच्या कडेवर लेसरने कोरलेला क्रमांक भिंगातून पाहून कागदाशी जुळवावा. कमी पैशांत मोठा खडा मिळतो हे खरे; पण उत्पादन वाढेल तसे या हिऱ्यांचे भाव उतरत गेले आहेत. त्यामुळे तो हौसेसाठी घ्यावा, गुंतवणूक म्हणून नको, आणि परतखरेदीची अट बिलावरच लिहून घ्यावी.

मापाचे एकच: बोट संध्याकाळी मोजावे, सकाळी नाही. दिवसभरात आणि उकाड्यात ते थोडे सुजते. पूर्ण गोलात खडे असलेली अंगठी नंतर मोठी करणे जवळपास अशक्य असते.

‘जावयाला इतक्या ग्रॅमची हवी’ असा निरोप आला तर?

ही रीत नव्हे, मागणी आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा, १९६१ नुसार लग्नाच्या संदर्भात लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर मागितलेली मौल्यवान वस्तू हुंड्यात मोडते. अशी मागणी करणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षे कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. न मागता, ऐपतीप्रमाणे दिलेल्या भेटींना कायद्यात मुभा आहे. मात्र लग्नात आलेल्या भेटींची यादी ठेवावी, असे १९८५ चे नियम सांगतात. त्या यादीत वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत आणि देणाऱ्याचे नाव लागते. अंगठीचे बिल त्यासोबतच जपून ठेवावे.