रक्तातले स्फुरद आणि परतीची एस.टी.

भोर-वेल्ह्याच्या शेतकऱ्याला स्फुरद म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. डीएपीच्या पोत्यावर १८:४६ छापलेले असते, त्यातला ४६ हा स्फुरदाचाच आकडा. मात्र मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाच्या अंगात हेच स्फुरद साठले की खाज सुटते, हाडे ठिसूळ होतात आणि हाडांतला चुना रक्तवाहिन्यांत जाऊन बसतो.

चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये साधारण ६०० ते ९०० मिलिग्रॅम स्फुरद निघते. आठवड्यातून तीनदा केले तरी अडीच ग्रॅमच्या आसपास. जेवणातून मात्र रोज ग्रॅमभर पोटात जाते आणि त्यातले निम्म्याहून अधिक रक्तात उतरते. हिशेब चुकतो तो इथे.

शिवाय अंगातले बहुतेक स्फुरद हाडांत व पेशींत, रक्तात थोडेच. यंत्र रक्तातले ओढते, आतले सावकाश झिरपते. कमी झऱ्याच्या विहिरीसारखे. नुसता पंप मोठा लावून भागत नाही, तासच द्यावे लागतात. म्हणून "गाडी चुकंल, अर्धा तास आधी सोडा की," ही विनंती महागात पडते. पुण्याहून भाटघर धरणामागच्या किंवा तोरण्याच्या पायथ्याच्या गावाला परतायचे, तेव्हा घाई कळते. पण शेवटच्या अर्ध्या तासातही स्फुरद निघतच असते.

उरलेले काम गोळ्यांचे. आपल्या डोंगराकडच्या तांबड्या मातीतले लोह सुपर फॉस्फेट धरून ठेवते, पिकाला सगळे मिळू देत नाही, ही जुनी तक्रार. कॅल्शियमची किंवा सेव्हेलॅमरची गोळी पोटात असेच करते. अन्नातले स्फुरद धरून शौचावाटे बाहेर नेते. मात्र जेवता जेवता घेतली तरच. "हाडाचीच गोळी हाय नव्हं," म्हणून झोपताना घेतली तर धरायला अन्नच नसते!

घरचे लोक पहिल्यांदा डाळ बंद करतात. ते चूक. डायलिसिसवाल्याला प्रथिने लागतातच, आणि डाळीतले स्फुरद पुरते अंगी लागत नाही. काळ्या थंड पेयांतले व पाकीटबंद पदार्थांत वरून घातलेले जवळपास सगळे लागते. सुकट-बोंबलालाही आवर हवा.

रिपोर्टात 'फॉस्फरस' ५.५ च्या वर दिसला, तर गोळ्या कधी घेतो आणि डायलिसिस किती वेळ होते, हे डॉक्टरांना खरे सांगावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते. त्यासाठी शिधापत्रिका कामी येते. तिच्यातले नाव चुकलेले असेल तर गावच्या कारभाऱ्यांनी ते आधी दुरुस्त करून द्यावे.